आधी दुरुस्ती थकते

घराचा हप्ता थकण्याच्या बऱ्याच आधी घराची दुरुस्ती थकलेली असते. बँकेच्या लिलावात निघालेली घरं पाहून त्यांच्या दुरुस्तीचा खर्च काढून देण्याचं काम मी कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात बरीच वर्षं करते आहे, आणि या कामानं मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. पगार लांबला, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं की माणूस पहिल्यांदा काय थांबवतो? मुलांची फी तो भरतो, किराणा आणतो, हप्ताही उसनवारी करून ओढत राहतो. थांबतं ते बाथरूमच्या गळतीचं काम. गंजलेल्या पाइपचं काम. "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणत दोन-तीन उन्हाळे जातात, मग हप्ता थकतो, मग नोटिसा येतात, मग कुलूप लागतं. त्यानंतरही घर वर्ष-दोन वर्षं बंद राहतं. त्यामुळं स्वस्त घर मिळतंय म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांच्यासाठी अंदाज काढताना माझा पहिला प्रश्न असा असतो, की या घरातली कोणकोणती कामं पुढं ढकलता येण्यासारखी होती? बिघाड तिथंच सापडतो.

रंगावर मी जात नाही. अडचणीतल्या घरातही रंग ताजा असू शकतो. बहिणीचं लग्न, बाळाचं बारसं अशा निमित्तानं हात मारलेला असतो. भिंत चकचकीत, आणि तिच्या पोटातला जीआयचा पाइप आतून गंजून करंगळीही जाणार नाही एवढी वाट उरलेली. १९८० आणि ९० च्या दशकांत या भागात भराभर उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये पाण्याचे पाइप बहुतेक लोखंडीच, तेही भिंतीत गाडलेले. ते कुणी बदलले नसतील तर त्यांचं आयुष्य संपलं असं धरूनच मी चालते. आणि सगळं घर कळकट असताना एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर त्या भिंतीपुढं मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहते.

लिलावाच्या घराची खरी अडचण ही की ते नीट पाहताच येत नाही. बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली थकलेल्या कर्जाची वसुली करतात. कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस जाते, पैसे आले नाहीत तर बँक घराचा ताबा घेते. हा ताबा कधी नुसता कागदावरचा असतो, दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत माणसं राहत असलेली. कधी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं घर रिकामं करून प्रत्यक्ष घेतलेला. पहिल्या प्रकारात घर आतून बघायला मिळत नाही. दुसऱ्यात जाहिरातीत दिलेल्या दिवशी बँकेचा माणूस सील काढतो आणि तास-दोन तासांत पाहणी उरकायची असते. वीज तोडलेली, नळाला पाणी नाही. आणि जाहिरातीत ठळक छापलेलं असतं, की घर जसं आहे, जिथं आहे, जे काही आहे त्या अवस्थेत विकलं जाईल. मागून तक्रारीला जागा नाही. राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत भरून बोलीत उतरायचं, बोली लागली तर अनामत धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, आणि बाकीची रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदत वाढवून मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. यात माणसाचा खिसा रिकामा होतो, आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहतो तो नेमका त्यानंतर. गृहकर्ज बहुतेकांना खरेदीपुरतं मिळतं. गवंड्याचे पैसे रोख द्यायचे असतात.

म्हणून त्या तासाभराची मी तयारी करून जाते. मोठी बॅटरी, छोटी हातोडी, जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर, टेप, एक गोटी. गोटी फरशीवर ठेवली की उतार कुठं आहे ते कळतं. बाथरूमची फरशी नहाणी ट्रॅपकडं न उतरता दाराकडं उतरत असेल तर पाणी इतकी वर्षं कुठं मुरलं हे विचारायला नको. स्क्रूड्रायव्हर दाराच्या चौकटीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर खुपसून बघायचा. वाळवी लागलेली असेल तर पातं लोण्यात शिरावं तसं आत जातं. बोर्ड उघडून वायर बघायची. अर्थिंगची वायर आहे का, की नुसतीच तीन भोकांची प्लेट बसवली आहे? शेजारून बादलीभर पाणी मागून आणते आणि मोरीत ओतते. ते किती वेळात जातं आणि जाताना कसला आवाज होतो, त्यावरून ड्रेनेजच्या पाइपबद्दल बरंच समजतं.

छत पीओपीनं झाकलेलं असलं की बँकेचा माणूस ते फोडू देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, घर अजून तुमचं नाही. पण पीओपीत दिव्यांसाठी गोल भोकं असतात. दिवा अलगद खाली ओढायचा, स्टुलावर चढून बॅटरी आत धरायची आणि मोबाइलनं फोटो काढायचे. वरचा खरा स्लॅब अशानं दिसतो. किती वेळा या भोकातून मला उघड्या पडलेल्या सळया दिसल्या आहेत!

पण माझ्या अनुभवात घराच्या दुरुस्तीचा निम्माअधिक खर्च त्या घरात उभं राहून कळतच नाही. तो खालच्या घरात कळतो, गच्चीवर कळतो, सोसायटीच्या दप्तरात कळतो. ज्या बाथरूमची फरशी मी बघते तिचं खालचं अंग दुसऱ्याच्या छताला असतं. म्हणून सील परत लागलं की मी निघत नाही. खालच्या मजल्यावरची बेल वाजवते. बाईमाणूस असल्यामुळं दार उघडतं, आत घेतात, पाणी विचारतात. हा माझ्या कामातला फार मोठा आधार आहे. पुरुष सहकाऱ्यांना दारातूनच उत्तरं मिळतात.

बदलापुरात एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी गेले होते. घर घेऊ पाहणारं जोडपं तरुण. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात, ती खासगी दवाखान्यात परिचारिका. भाड्याच्या घरातून बाहेर पडायची दोघांनाही घाई होती. घर त्यांना आवडलं होतं, मलाही वाईट वाटलं नाही. हॉलला उजेड होता, फरशा शाबूत होत्या, बाथरूमच्या टाइल्स तर नव्या दिसत होत्या. खाली गेलो तर दार एका आजींनी उघडलं. त्यांनी न विचारता मोरीत नेलं. छताखाली निळं प्लास्टिक दोरीनं ताणून बांधलेलं, मधोमध भोक, खाली बादली. प्लास्टिक बाजूला केलं तर छताचा गिलावा केव्हाच पडून गेलेला आणि सळया तपकिरी पापुद्र्यांत सोलत चाललेल्या.

"पाच पावसाळे झाले बाई," आजी म्हणाल्या. "वरची पोरगी माझ्यापुढं रडायची. ‘मावशी, पैसे आले की पहिलं तुमचं काम करते.’ कुठून यायचे पैसे? नवऱ्याची नोकरी गेली, मग टाइल्स तेवढ्या नव्या घातल्या कुणाकडून तरी. पाणी काही थांबलं नाही."

एवढ्या बोलण्यानं माझ्या अंदाजाचे आकडे बदलले. बाथरूमचा स्लॅब घराच्या स्लॅबपेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो आणि मधला खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरच्या टाइल्स बदलून तळाचं वॉटरप्रूफिंग होत नाही. पाणी त्या भरावात साठून राहतं आणि सावकाश खाली उतरतं. काम करायचं तर टाइल्स, भराव, सगळं तळापर्यंत उकरायचं, पाइप नवे घालायचे, वॉटरप्रूफिंगचे थर द्यायचे, मग दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून बघायचं, आणि खाली थेंब नाही अशी खात्री झाल्यावरच भराव परत टाकायचा. शिवाय आजींच्या छताची दुरुस्ती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइपची गळती हा संस्थेचा खर्च. पण घरातल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. म्हणजे आजींचं छत हे घर घेणाऱ्याच्या अंगावर. आणि कायद्यात नसतं तरी ते करायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. पाच वर्षं जी बाई प्लास्टिकखाली आंघोळ करते तिला नव्या मालकानंही ताटकळत ठेवायचं, हे मला सोसत नाही.

मी अंदाजाचा कागद तीन रकान्यांत मांडते: पाहिलं, ऐकलं, धरलं. जे डोळ्यांनी दिसलं, टेपनं मोजलं ते पहिल्यात. शेजाऱ्यांनी, वॉचमननं, सोसायटीच्या सचिवांनी सांगितलं आणि खुणांशी जुळलं ते दुसऱ्यात. जे बघता आलं नाही पण इमारतीच्या वयावरून असणारच, ते तिसऱ्यात. वायरिंग, भिंतीतले पाइप, पीओपीमागचा स्लॅब यांची जागा बहुधा तिसरी. हा तिसरा रकाना जितका मोठा तितकी तुम्ही डोळे झाकून बोली लावता आहात, आणि ते बोली लावण्याआधी कळलेलं बरं. बरेच जण एकूण खर्चावर सरसकट दहा टक्के "वरखर्च" धरतात. मला ते पटत नाही. ज्या घरात मी तासभर होते आणि खालचंही छत पाहिलं, तिथं दहा टक्के ठीक. पण जिथं आत माणसं राहतात आणि मी नुसता जिना चढून दार बघून आले, तिथं एक चतुर्थांशही कमी पडू शकतो.

चौरस फुटाच्या दराबद्दलही माझं मत पक्कं आहे. ठेकेदार जिन्यातच विचारतो, "कार्पेट किती, ताई?" आणि आकडा सांगून मोकळा होतो. रंग, फरशी, गिलावा ही कामं क्षेत्रफळाशी बांधलेली असतात, तिथं असा दर चालतो. आतल्या भिंती आणि छत मिळून गिलाव्याचं क्षेत्र कार्पेटच्या तीन-साडेतीन पट येतं, हा ढोबळ हिशेबही मी वापरते. पण बाथरूम मोठ्या घरात असो की छोट्या, ते बाथरूमच आहे. मुख्य म्हणजे स्लॅबच्या दुरुस्तीला घराचं क्षेत्रफळ विचारून काही उपयोग नाही.

स्लॅबचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या घरात पैसा जातो तो इथं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळं आतल्या सळईवर गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, काँक्रीटचा हा गुण पृष्ठभागाकडून आत कमी होत जातो, आणि तो सळईपर्यंत संपला की पाणी आणि हवा मिळताच ती गंजायला लागते. जुन्या मानकांत स्लॅबच्या सळईवरचं काँक्रीटचं आवरण १५ मिलिमीटर पुरे मानलेलं होतं, आणि साइटवर तेवढंही मिळालं नसेल. त्यात आपला हा खाडीकाठचा मुलूख. कल्याण, ठाणे, वसईच्या खाड्यांतून उपसलेली रेती इथल्या बांधकामांत वर्षानुवर्षं गेली. ती नीट धुतली नसेल तर तिच्यातलं मीठ स्लॅबमध्येच बसलेलं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. छतावर सळयांच्या रेषेत, साधारण सारख्या अंतरावर सरळ चिरा दिसल्या की समजायचं. हातोडीनं वाजवून बघायचं. निरोगी स्लॅब खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द आवाज देतो.

ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण मारलं तर ते जिथं गुलाबी होतं तिथं काँक्रीट अजून धड आहे. रंग आला नाही तर सळईचं संरक्षण गेलेलं आहे. ही चाचणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. पण लिलावाआधी फोडायला परवानगी नसते, म्हणून मी बद्द आवाजाचं क्षेत्र खडूनं आखते, मोजते आणि त्याच्या दीडपट धरते. उघडल्यावर काम वाढतंच, कमी झालेलं मला आठवत नाही. सळईच्या बाबतीत तर डोळा फार फसवतो. दहा मिलिमीटरची सळई गंजून आठची झाली तर दिसायला फरक किरकोळ, पण तिचं छेदक्षेत्र ३६ टक्क्यांनी घटलेलं असतं. अशा ठिकाणी गंज घासून पॉलिमर मॉर्टर भरून भागत नाही. जोडीला नवी सळई द्यावी लागते, खालून टेकू लावावे लागतात, आणि टेकू लावायची जागा पुन्हा खालच्या घरात.

इथं मी माझ्या लोकांशी थोडी कठोर बोलते. घर घेतल्यावर प्रत्येकाला पहिली हौस फरशीची असते. जुनी फरशी फोडण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच मसाला पसरून नवी घालतात. पाच सेंटिमीटरचा मसाला आणि वर टाइल, असं वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास जातं. चारशे चौरस फुटांच्या घरात साडेचार टन. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान सगळं मिळून चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून इमारतीचं गणित केलेलं असतं. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा तुम्ही एका फरशीत संपवला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत एका चार मजली इमारतीत वरच्या घरात फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, खालचे मजले फोडत गेला आणि सहा माणसं गेली. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरातही वरचे स्लॅब असेच खाली येऊन माणसं दगावली होती. ही माझ्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं आहेत. तेव्हापासून तीस वर्षांवरच्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय फरशीचा आकडा मी कागदावर लिहीतच नाही. त्याची फी अंदाजात पहिल्या ओळीला घालते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सोसायटीकडं तो अहवाल मागायचा. अहवाल नसेल तर त्यातूनही इमारतीबद्दल बरंच कळतं.

जुनी फरशी फोडायची ठरली तर डेब्रिजचा खर्च. हा हमखास राहून जातो. चारशे चौरस फुटांच्या घराची फरशी आणि खालचा मसाला मिळून चार-साडेचार टन राडारोडा निघतो, म्हणजे दीडशेच्या वर गोण्या. बिगाऱ्यांनी त्या उतरवायच्या, लिफ्टमधून न्यायला सोसायटीची मनाई, आणि हमाली मजल्यागणिक वाढते. मग टेम्पो. सोसायटी नूतनीकरणाची अनामत घेते, दुपारी काम बंद ठेवायला लावते, रविवारी करू देत नाही. होळीला, गणपतीला, छठपूजेला कारागीर गावी जातात. पावसाळ्यात गिलावा वाळत नाही, बाहेरच्या भिंतीचं आणि गच्चीचं काम तर होतच नाही. हे सगळे दिवस म्हणजे भाडं आणि हप्ता दोन्ही भरण्याचे दिवस, आणि तेही माझ्या अंदाजात लिहिलेले असतात. शिवाय मागची देणी. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल. विजेच्या जुन्या थकबाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली दिलेल्या निकालानंतर, जशी आहे तशी मालमत्ता घेणाऱ्यानं आधी चौकशी करायला हवी होती, हे उत्तर ठरलेलं आहे. तळमजल्याचं घर असेल तर उल्हास नदीचा पूर विचारते. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, २०१९ ला कुठवर? बदलापुरात जुनी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या उंचीखालचं सगळं वायरिंग मी नवं धरते.

अलीकडं तरुण गुंतवणूकदार अमेरिकेतला एक ठोकताळा घेऊन येतात. तिथं जुनी घरं घेऊन, नीट करून विकणारे लोक दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के धरतात, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करतात आणि उरेल त्याहून जास्त किंमत देत नाहीत. बोलीची हद्द आधी ठरवण्याची ती शिस्त मला मान्य आहे. पण तिथलं घर बहुधा सुटं, लाकडी सांगाड्याचं. छप्पर, पाया, गटाराची जोडणी सगळं एकाच मालकाचं, आणि पाहायला मोकळं. आपल्याकडं चाळीस बिऱ्हाडं एका सांगाड्यावर राहतात. माझ्या घराचा बीम दुसऱ्याच्या बेडरूममधून जातो आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवर थांबलेलं असतं. ७० टक्क्यांच्या गणितात हे बसवायला जागाच नाही.

बदलापूरच्या त्या घराचा माझा अंदाज असा होता. पाहिलं: वीजसाहित्य, दारं, ओटा, गिलावा, रंग मिळून २ लाख ७० हजार. ऐकलं: बाथरूम, संडास, ड्रेनेजचा उभा पाइप आणि आजींचं छत, १ लाख ८५ हजार. धरलं: भिंतीतलं वायरिंग, पाइप आणि हॉलचा स्लॅब, १ लाख ४० हजार. एकूण ५ लाख ९५ हजार. ठेकेदारानं चौरस फुटाच्या दरानं साडेतीन सांगितले होते. त्या इमारतीत धड अवस्थेतलं तसंच घर अठ्ठावीस लाखांना जात होतं. त्यातून दुरुस्ती, सोसायटीची थकबाकी, मुद्रांक आणि नोंदणी, चार महिन्यांचं भाडं आणि हप्ता वजा केले तर साडेअठरा लाखांच्या वर बोली जायला नको होती. मी तो आकडा कागदाच्या तळाशी लिहिला आणि दोघांना खाली सह्या करायला लावल्या. असं मी सगळ्यांनाच करायला लावते. बोली चढायला लागली की माणूस घर मनानं कधीच घेऊन बसलेला असतो, आणि मग तो दुरुस्तीचा आकडा कमी करून बोलीसाठी जागा करतो. भिंतीतल्या पाइपला ते माहीत नसतं.

ऑनलाइन बोली चालू असताना त्याचा फोन आला. एकोणीसवर गेली होती.

"ताई, धरलं मधले एक लाख काढले तर? वायरिंग कदाचित चांगलं असेल."

"कदाचित असेलही," मी म्हटलं. "पण ते बघून आलो असतो तर पहिल्या रकान्यात लिहिलं असतं. बघितलेलं नाही."

मागं तिचा आवाज ऐकू आला, "राहू दे." घर साडेवीसला दुसऱ्या कुणी घेतलं.

हद्दीपाशी थांबणं सोपं नसतं, हे मला कळतं. या लोकांचा पैसा पगारातून साठलेला असतो, पंधरा बोलींतून एक घर लागलं तरी चालेल असा नसतो. पण अंदाज चुकला तर भोगतात तेच. मी अशीही घरं पाहिली आहेत, की लिलावात घेतलेलं घर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून तसंच पडून आहे, मालक भाड्याच्या घरात, दोन्हीकडचे पैसे भरतो आहे. तिथं पुन्हा तोच क्रम सुरू झालेला असतो. गळती पुढच्या उन्हाळ्यावर गेलेली असते.

एक वेगळा प्रश्न पुनर्विकासाचा. इमारत धोकादायक ठरली असेल किंवा सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची पुनर्विकासाची प्रक्रिया सोसायटीत सुरू झाली असेल, तर सहा लाख घालून घर नटवण्यात अर्थ नाही. राहण्यापुरतं सुरक्षित आणि कोरडं करायचं. अशा वेळी मी दोन अंदाज देते, एक तीन वर्षांचा आणि एक वीस वर्षांचा. कुठला घ्यायचा ते ठरवायला सोसायटीची इतिवृत्तं वाचावी लागतात. पुनर्विकासाच्या गप्पा तर सगळ्याच जुन्या इमारतींत चालतात. मी ठरावाची तारीख बघते.

त्या जोडप्याला पुढं डोंबिवली पूर्वेत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, हद्दीच्या आतच. हॉलचा स्लॅब मी धरला होता त्याहून बरा निघाला. पाइप मात्र सगळे टाकून द्यावे लागले, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक जुना जोड निघाला, तिथून पाणी शेजारच्या घरात जात होतं. तो खर्च तिसऱ्या रकान्यातून भागला. किल्ल्या मिळाल्या तेव्हा तिला आधी ओटा बदलायचा होता आणि त्याला रंगाचे नमुने दाखवायचे होते. आम्ही आमच्या मिस्त्रीकाकांना घेऊन आधी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथल्या मोरीच्या छताला टेकू लावायचे, सुटलेलं काँक्रीट उतरवायचं, सळया घासून बघायच्या आणि त्या घरातल्या माणसांनी तोवर आंघोळ कुठं करायची ते ठरवायचं, एवढं त्या दिवशीचं काम होतं. कागदावर त्याची रक्कम फरशीच्या आधी लिहिलेली होती.